तंबाखूमुक्ती केंद्राची दुसरी खेप



व्यसनमुक्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विडी-सिगारेट येते. पण २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील शंभर प्रौढांपैकी सुमारे २७ जण तंबाखू वापरणारे आढळले, आणि ओढणारे जेमतेम चार. बाकीच्यांची तंबाखू चुन्याबरोबर ओठाखाली, नाहीतर मिश्री होऊन दातांवर.

मिश्री लावणाऱ्या कित्येक भगिनी त्याला व्यसन मानीतच नाहीत. मानले तरी केंद्रावर जायची लाज वाटते. कुपवाडला रोजंदारीवर जाणाऱ्यांची अडचण वेगळी. शासकीय रुग्णालयात सल्ला मोफत मिळतो, पण तिथली वेळ तीच कामाची वेळ. एक खेप म्हणजे एक खाडा. शिवाय तंबाखूने भूक मरते, आणि रिकाम्या डब्याच्या दिवशी तीच सोबत वाटते, हेही आपण समजून घेतले पाहिजे.

मग पहिली खेप होते, दुसरी राहते. खरी गरज तर तिचीच! सोडल्यावरचे पहिले काही दिवस फार कठीण: चिडचिड, डोकेदुखी, झोप नाही. त्यात एखादी पुडी फोडली गेली, की 'आता कुठल्या तोंडाने जाऊ' म्हणून माणूस घरी बसतो. समुपदेशकाला त्यात नवल नसते. बहुतेकांना एकाहून अधिक प्रयत्न करावेच लागतात.

खाडा परवडत नसेल त्यांनी १८००-११-२३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक लावावा. २०१८ पासून तो तंबाखूच्या पुड्यांवरच छापलेला असतो. आणि घरातले कोणी केंद्रावर जात असेल, तर पुढची तारीख आपणही लिहून ठेवू या. शक्य झाल्यास बरोबर जाऊ या.