काडतूस मोजून, बार जपून

बाबू, दुकानदाराने रिकाम्या हाताने परत पाठवलं म्हणून रुसून बसू नकोस. "माल आला की फोन करतो" हे तुला यापुढेही ऐकायचं आहे, आणि माल आला की भाव मागच्या खेपेपेक्षा चढाच असायचा. बंदूक आता तुझ्या नावावर आहे, भातात डुकरं आहेत, केळीवर वानरं आहेत. म्हणजे काडतुसाशी तुझा संबंध सुटणार नाही. मग टंचाई का पडते ते आधी नीट समजून घे, निम्मी चिडचिड तिथेच संपेल.

आपल्याकडे बारा बोअरची काडतुसं वर्षानुवर्षं येत आली ती मुख्यतः खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून. कारखाना १८६९ सालचा. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. त्याचं पहिलं गिऱ्हाईक फौज, आणि ते तसंच असायला हवं; तू-मी रांगेत मागे. त्यात काडतूस म्हणजे शिसं, पितळ आणि दारू. ही धुराविना जळणारी दारू मुळात कापसापासून होते, सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, तेव्हापासून तोफगोळ्यांसाठी तिला जगभर मागणी आहे. वरून हा स्फोटक माल. एसटीच्या पार्सलात टाकून येत नाही, आणि परवानाधारक दुकानं बोटांवर मोजण्याइतकी. एवढ्या फेऱ्यांतून तुझ्यापर्यंत पोचलेलं काडतूस महाग का, ते आता तुला मी सांगायला नको.

खरेदीचं आधी सांगतो.

१. दुकानात जाण्याआधी परवाना उघडून बघ — एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची, दोन्ही आकडे त्यावर लिहिलेले असतात. टंचाईच्या भीतीने त्या आकड्यापुढे गेलास, तर डुक्कर राहील शेतात आणि तू कोर्टात.

२. साठा करायची हाव नको — टंचाई निम्मी कारखान्यात होते आणि निम्मी घाबरलेल्या गिऱ्हाइकांच्या कपाटात. अमेरिकेत २०२० साली हेच झालं: बंदूक खरेदीशी जोडलेल्या सरकारी तपासण्या त्या एका वर्षात जवळजवळ चार कोटींवर गेल्या, दुकानांच्या फळ्या ओस पडल्या आणि नऊ एमएमच्या गोळीचा भाव तिपटीच्या आसपास गेला. त्याच जुलैत १८१६ पासून चालत आलेली रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीत गेली होती, म्हणजे माल वाढायच्या वेळीच घटला. ज्यांना खरोखर गरज होती ते हात हलवत परतले. हावऱ्याची पेटी भरते, गरजूची रात्र रिकामी जाते.

३. प्रत्येक खरेदी परवान्यावर चढवून घे आणि पावती पिशवीत न टाकता परवान्यातच ठेव — पुढे नूतनीकरणाला तीच कामी येते. परवाना आता पाच वर्षांचा असतो. मुदत संपायच्या तीन महिने आधी कागद हलव, कारण मुदत संपलेल्या परवान्यावर कोणीही एक काडतूस देत नाही.

४. शेजाऱ्याकडून काडतूस उसनं घेऊ नकोस, त्यालाही देऊ नकोस — ती वाटीभर साखर नव्हे, ज्याच्या परवान्यावर चढलं त्यानेच ते बाळगायचं असतं. माणूस जिवाभावाचा असला तरी नाही म्हण. वाटल्यास रात्री त्याच्या मचाणावर सोबतीला जा.

५. बाजाराच्या दिवशी कोणी कानाशी येऊन "आहेत माझ्याकडे थोडी" म्हणाला, तर चहासुद्धा त्याच्यासोबत पिऊ नकोस — माल चोरीचा की घरी भरलेला, हे फुटेपर्यंत कळत नाही.

६. मिळतंय म्हणून भलत्या मापाचं उचलू नकोस — टंचाईत सगळ्यात मोठा घात हाच.

या सहाव्यावर थांब जरा. तुझी दुनळी जुनी आहे. तिच्या नळ्या उघड, बुडाशी ६५ लिहिलंय का ७०, ते उजेडात वाच. नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ते घर ६५ मिलिमीटरचं असलं तरी त्यात ७० चं काडतूस सहज बसतं, कारण उडण्याआधी त्याचं तोंड मुडपलेलं असतं. उडताना मात्र ते तोंड उघडायला पुढे जागा उरत नाही आणि नळीतला दाब भलताच चढतो. आकडा वाचता आला नाही तर बंदूक तशीच परवानाधारक कारागिराकडे घेऊन जा आणि त्याने मोजून सांगेपर्यंत काडतूस भरू नकोस.

दुसरा घात वीस बोअरचा. वीसचं काडतूस बाराच्या नळीत सुटतं आणि पुढे जाऊन मध्येच अडकतं. मागून बघितलं तर घर रिकामं दिसतं. माणसाला वाटतं भरायचं राहिलं, तो वरून बाराचं भरतो, आणि नळी हाताशी फुटते. म्हणून तुझ्या घरात, पिशवीत, खिशात वीस बोअर असूच नये. भरण्याआधी प्रत्येक वेळी दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड बघायचा. बघायला घडी जाते, न बघता बोटं जातात.

आता आहेत ती टिकवायची कशी.

७. जुनं आधी वापर, नवं मागून — खोक्यावर घेतल्याची तारीख लिहिलीस तर भांडण नको.

८. हवाबंद डब्यात ठेव, आत सिलिका जेलची पुडी टाक, आणि डबा कुलपात — आपला कोकणातला पावसाळा लोखंडाला सोडत नाही, कागदी काडतुसाची काय कथा. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्यात. चाव्या पोरांच्या हाती लागू देऊ नकोस.

९. पत्र्याखालच्या माळ्यावर नको, चुलीच्या अंगाला तर नकोच — दारूला ओल मारते तशी धगही मारते.

१०. कातडी पट्ट्यात काडतुसं खोचून महिनोन्‌महिने टांगू नकोस. दिसायला रुबाब आहे, कळतंय मला — पण कातडं कमावताना वापरलेल्या द्रव्याने पितळ कळकतं.

११. चकाकी यावी म्हणून तेल लावू नकोस — तेल टोपीतून आत झिरपतं आणि काडतूस मुकं होतं. कोरड्या फडक्याने पूस, पुरे.

१२. गणपतीआधी एकदा सगळी काडतुसं तपास — भात पोसवायला लागलं की डुकरं येणार, तेव्हा रात्री शोधाशोध नको. एकेक चिमटीत धरून खिडकीपाशी ने. पितळी बूड जिथे नळकांड्याला मिळतं तिथे नखाने टोकर; हिरवी भुकटी लागली तर कळकलं. तोंडाशी कागद फुगून मऊ पडलाय का, बोट फिरवून बघ. फुगलेलं काडतूस घरात जोर करून बसवायचं नाही.

१३. खराब निघालेली विहिरीत टाकू नकोस, जाळू नकोस, पुरू नकोस — दुकानदाराला किंवा ठाण्यात विचार आणि रीतसर दे.

१४. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून मनात साठ आकडे मोज, मगच उघड — काही वेळा दारू उशिरा पेटते. आणि नेहमीचा दणका न होता नुसता फुसका आवाज आला तर तिथेच थांब, बंदूक रिकामी कर, नळीतून बघ. आत काही अडकलेलं असताना दुसरा बार म्हणजे मरण. ओल्या काडतुसाला आवाज नाही, अर्ध्या बाराला भरवसा नाही.

१५. महाग झालं म्हणून घरी काडतूस भरायला बसू नकोस, आणि ठासणीच्या बंदुकीत फटाक्यातली दारू तर कधीच नाही — ती बंदुकीसाठी मापलेली नसते.

खर्च कमी करायचा खरा मार्ग म्हणजे कमी उडवणं, आणि ते जमतं.

१६. वरातीत, सत्यनारायणाला, पोरगा झाल्यावर हवेत बार काढायचा नाही — २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि वर गेलेलं शिसं कोणाच्या तरी अंगणात खाली येतं.

१७. सराव कोरडा कर. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री, काडतुसं दुसऱ्या खोलीत, नळीत खोटं काडतूस — जुन्या घोड्याच्या बंदुकीत रिकाम्या घरावर चाप ओढत राहिलं तर आतली सुई तुटते. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरच्या तीन-स्थिती रायफलीत कांस्य आणलं. त्या खेळातली मंडळीही गोळीविना तासन्‌तास नेम धरून बसतात. महाग काडतूस बसल्याजागी नेम शिकवतं.

१८. आधी कुंपण, मग डबा-थाळी, मग बंदूक — सौरकुंपणाला वनखात्याकडून अनुदान मिळू शकतं, तालुक्याला चौकशी कर. तारेत घरची वीज सोडायची कल्पना मात्र मनातही आणू नकोस. तिला डुक्कर आणि माणूस यातला फरक कळत नाही.

१९. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे — डुकरासाठी वनखात्याचा वेगळा कागद लागतो. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढ आणि भरपाईचा अर्ज लगेच दे. एका मंजूर अर्जात कितीतरी बार वाचतात.

२०. निवडणुकीत ठाण्यातून बोलावणं आलं आणि बंदूक जमा केलीस, तर पावतीवर काडतुसांचाही आकडा लिहून घे — परत घेताना आठवणीवर हिशोब होत नाही.

२१. उडवलेली नळकांडी फेकू नकोस, वहीत तारीख आणि कारण लिही — कुठे किती गेली असं कोणी अधिकाऱ्याने विचारलं तर उत्तर हातात असावं.

२२. मे महिन्यात, आंब्याची गडबड ओसरली की दुकानदाराला फोन कर आणि यंदा किती लागतील ते सांगून ठेव — श्रावणात सगळेच जागे होतात आणि तेव्हा त्याच्याकडे नसतं. जाताना मूळ परवाना ने. झेरॉक्सवर तो देणार नाही, आणि देणारा कोणी भेटलाच तर त्याच्याकडून घेऊ नकोस.