जुना संगणक आणि जपलेले हिशेब

भोपाळच्या करोंद मंडीतील आमच्या पेढीवर ‘विंडोज ७’चा जुना संगणक आहे. १४ जानेवारी २०२० रोजी त्याची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती थांबली. क्रोमची १०९ वी आवृत्ती त्यावर चालणारी अखेरची ठरली. परंतु त्यातील जुन्या हिशेब-प्रणालीच्या खातेवह्या नव्या संगणकावर उघडेनात. आणि जीएसटी कायद्यान्वये वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपणे प्राप्त आहे. म्हणून आम्ही कामे विभागली. विवरणपत्रे व बँकेचे व्यवहार नव्यावर. जुन्याचे इंटरनेट तोडून तो केवळ वह्या वाचण्यापुरता ठेवला. प्रत्येक खाते छापून घेतले, दोन निराळ्या डिस्कवर प्रती काढल्या, मग शिल्लक नव्या वहीत ओढली. व्यापारी बंधूंनी एवढे ध्यानी धरावे : पैशाला पैसा जुळल्यावाचून जुनी वही मिटू नये.