परसातले शेवाळ : निवड आणि जोपासना



श्रावण लागला की पडवीच्या भिंतीवर, आडाच्या कठड्यावर हिरवी मखमल चढते. आपण तिला सरसकट शेवाळ म्हणतो आणि खरवडून टाकतो. पण यात दोन प्रकार आहेत, बरं का. बुळबुळीत, पाय घसरवणारे ते एक. ते घासूनच काढावे. दुसऱ्याला बारीक पाने असतात व हाताला गादीसारखे मऊ लागते. त्याला मॉस म्हणतात. जपानात क्योतो शहरी सैहोजी मंदिराची बाग यासाठीच प्रसिद्ध आहे. तेथे सुमारे १२० प्रकारचे मॉस आहे.

निवड : विकत आणू नये, जंगलातून ओरबाडू नये. आपल्याच आवारातला तळहाताएवढा तुकडा पुरे. दगडावरचे दगडावर आणि मातीवरचे मातीवर लावावे. उलट केले तर सहसा तगत नाही.

लागण : पावसाळ्याच्या सुरुवातीस करावी. झाडाखालची किंवा उत्तरेच्या भिंतीकडची सावली पाहावी. तण काढून माती थोपटून घट्ट करावी, वरून हलके ओरखडे काढावेत, तुकडे बसवून तळहाताने दाबावेत. पालापाचोळा उचलत राहावे. उन्हाळ्यात तपकिरी पडले म्हणजे मेले असे समजू नये. पावसात बहुधा पुन्हा हिरवे होते.

खत-पाणी : मॉसला खरी मुळे नसतात, केसासारखे धागे नुसते धरून ठेवतात. पाणी ते पानांवाटे घेते. म्हणून खत नको. इथे आमची चूक सांगतो. उसाची सवय, म्हणून आम्ही पहिल्या साली युरिया टाकला आणि दिवाळीनंतर विहिरीचे पाणी शिंपत राहिलो. शिमग्यापर्यंत दगडावर पांढरा थर आला नि मॉस गेले. पुढल्या साली पत्र्यावरचे पावसाचे पाणी झाकलेल्या पिंपात साठवून तेच शिंपले, तेव्हा कुठे जमले.

त्यावरून आम्हाला एक धडा मिळाला. दगडावर पांढरा थर सोडणारे तेच पाणी आपण उसाला वर्षानुवर्षे पाजतो. दगडावरचा थर लगेच दिसतो. रान खारवटल्याचे दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. थर चुन्याचा की क्षारांचा, हे डोळ्यांना कळत नाही. तेव्हा परसात असा थर दिसला, तर मॉस गेल्याची हळहळ करत बसू नका. विहिरीचे पाणी व रानातली माती तपासून घ्या. पाण्याच्या पाळ्या आणि निचऱ्याचे चर यांचा विचार त्यावरूनच करावा.