पीडिताचे हक्क व न्यायालयाची वाट

चोर घर फोडतो तो धनाच्या लोभानें. घरधन्याची जात तो पाहत नाहीं. परंतु केवळ जन्मावरून एखाद्यावर हात उगारला गेला, म्हणजे त्या एका घावानें सारी वस्ती भयभीत होते. द्वेषमूलक गुन्ह्यांसाठीं निराळा कायदा असण्याचें कारण हेंच होय.

राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ सालीं तिच्या आचरणास शिक्षा ठरली, व १९८९ सालीं अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. तथापि कायदा पुस्तकांत असणें निराळें आणि तो पीडिताच्या कामीं येणें निराळें.

भंडारा जिल्ह्यांतील खैरलांजी गांवीं २९ सप्टेंबर २००६ रोजीं एका दलित कुटुंबांतील माता, कन्या व दोन पुत्र यांची निर्घृण हत्या झाली. २००८ सालीं भंडाऱ्याच्या न्यायालयानें आठ जणांस दोषी ठरवून सहा जणांस फांशी व दोघांस जन्मठेप दिली. २०१० सालीं नागपूर खंडपीठानें फांशीऐवजीं २५ वर्षांची कैद ठरविली. खून सिद्ध झाले; अत्याचार कायदा मात्र लागू झाला नाहीं.

असें कां व्हावें? पीडित अनुसूचित जातीचा आहे या कारणास्तवच गुन्हा घडला, असें सिद्ध करण्याची अट तेव्हांच्या कलमांत होती. दुसऱ्याच्या मनांतील हेतु सिद्ध करणें किती दुर्घट! न्यायालयांनीं ही सूडाची हत्या मानली. पुढें २०१५ च्या दुरुस्तीनें, पीडिताची जात ठाऊक असतां गुन्हा केला एवढें सिद्ध होणें पुरेसें ठरविलें.

त्याच दुरुस्तीनें १५-अ हें कलम आलें. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणें, संरक्षण मिळणें, आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची आगाऊ सूचना मिळणें व तेथें आपलें म्हणणें मांडणें, हे पीडिताचे हक्क झाले. ही सूचना व सुनावणी टाळतां येणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं बजाविलें. तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर ती वाचून दाखविणें हें पोलिसांचें कर्तव्य आहे. जाणूनबुजून कर्तव्यांत कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यासही शिक्षा आहे.

पालकहो, आपल्या सोलापुरांतही जिल्हा न्यायालयाशीं संलग्न असें विधि सेवा प्राधिकरण आहे. अनुसूचित जाति-जमातींच्या फिर्यादीस तेथें उत्पन्नाची अट न घालतां मोफत वकील मिळूं शकतो. मात्र वकील कितीही निष्णात असला, तरी साक्षीदारावांचून तो पंगु आहे. ज्यानें घटना डोळ्यांनीं पाहिली, त्या शेजाऱ्यानें निर्भयपणें सत्य सांगितलें, तरच कलमांतील अक्षरें सजीव होतात. मुलांनो, सत्य सांगण्याचा हा धडा शाळेंतच गिरवावयाचा असतो.