शरदातील पायवाट

प्रस्तावना

भारतीय कालगणनेत वर्षाचे सहा ऋतू मानले जातात. त्यांपैकी आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे महिने. या काळात बंगालमध्ये काशफुले डोलू लागतात, काश्मीरमध्ये चिनारची पाने तांबूस होतात, तर महाराष्ट्रात सह्याद्रीच्या कातळांवर रानफुले फुललेली असतात. निसर्गाचा सहवास आणि आपल्या माणसांची सोबत यांमुळे दुःखी मनाला धीर कसा मिळतो, हे प्रस्तुत पाठातून आपण जाणून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• कास पठाराची नैसर्गिक वैशिष्ट्ये सांगता येतील;
• पाठातील आजीच्या मनःस्थितीत होणारा बदल स्पष्ट करता येईल;
• दुःखी व्यक्तीला सोबत कशी करावी, याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

मूळ पाठ

आश्विन नुकताच लागला होता. साताऱ्यातील त्या घरात यंदाचे सण साधेपणानेच व्हायचे होते. ज्येष्ठात आजोबा गेले आणि तेव्हापासून आजी क्वचितच उंबरठ्याबाहेर पडली. घरातील कामे ती पूर्वीसारखीच करी. पण दुपारी आजोबांच्या रिकाम्या आरामखुर्चीसमोर तासन्‌तास बसून राही. वडोद्याहून मुलगी आणि दहा वर्षांची नात आली होती. मुलगा व सून तर घरातच होते. सर्वांनी आपापल्या परीने समजूत घातली. परंतु शब्द तिच्यापर्यंत पोहोचत नव्हते.

एका सकाळी मुलगी म्हणाली, "आई, आज कासला जाऊ या. बाबा दर वर्षी न्यायचे, तसंच."

आजीने उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने ती स्वयंपाकघरात गेली आणि दशम्यांचे पीठ मळू लागली. निघताना तिने कोपऱ्यातील आजोबांची काठी हातात घेतली.

कासचे पठार साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत कासही आहे. हे पठार जांभ्या खडकाचे. वर मातीचा थर अगदी पातळ. कुठे नुसता उघडा कातळ. उन्हाळ्यात येथे आलेल्या माणसाला हा सडा ओसाडच वाटेल. मात्र पाऊस पडला की खळग्यांत पाणी साचते, बिया रुजतात आणि श्रावणापासून पठाराचे रंग पालटू लागतात. पाऊस सरला की ओल आटते. म्हणून येथील कितीतरी इवल्या वनस्पतींना रुजणे, फुलणे आणि बी धरणे हे सारे थोड्या आठवड्यांत उरकावे लागते.

धुके विरत होते. सोनकीच्या पिवळ्या फुलांमधून सारी मंडळी कुमुदिनीच्या तळ्याकडे सावकाश चालू लागली. ओलसर जागी निळ्या-जांभळ्या नाजूक फुलांचा गालिचा पसरला होता. नात पायवाटेवरूनच खाली वाकली.

"आजी, ही कसली गं फुलं?"

"सीतेची आसवं," आजी म्हणाली. "वनवासात सीतामाईचे अश्रू ओघळले, त्यांची ही फुलं झाली, असं लोक सांगतात. हे मात्र वेगळंच सांगायचे. या झाडाला खरी मुळंच नसतात म्हणे. ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या असतात, त्यांत सूक्ष्म जीव अडकतात. इथल्या मातीत कस कमी, म्हणून पोटासाठी हा खटाटोप."

"आजोबांना सगळंच ठाऊक होतं?"

"छे! ठाऊक नसलं की पुस्तकात शोधत बसायचे, आणि इकडे ताटातलं अन्न निवायचं."

आजी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "रडू नकोस," असे मुलीच्या ओठांवर आले होते. पण ती थांबली. तिने नुसता आईचा हात धरला. मुलगा आणि सून दोन पावले मागे उभी राहिली. कोणी घाई केली नाही.

पुढे हिरवी, गोल, टोपल्यांसारखी झुडपे दिसली. त्यांवर एकही फूल नव्हते.

"ही टोपली कारवी," आजी सांगू लागली. "साधारण सात वर्षांनी फुलते."

"मग बाकीची वर्षं ती काय करते?"

"वाढते. ऊन, वारा, पाऊस सोसते. आतली तयारी बाहेरून दिसत नाही, एवढंच."

"ती फुलेल तेव्हा आपण सगळे येऊ," नात म्हणाली.

आजी क्षणभर गप्प राहिली. "येऊ," ती म्हणाली. "हे नसतील, पण आपण येऊ."

आजोबा आता नाहीत, ही गोष्ट तिने स्वतःच्या तोंडाने प्रथमच उच्चारली होती.

तळ्यावर कुमुदिनीची पांढरी, झालरदार फुले उमलली होती. काठावर शिदोरी उघडली. प्रत्येकी दोन याप्रमाणे दशम्या वाटल्या, तरी दोन उरल्या. आजीने सवयीने सहा जणांच्या केल्या होत्या. सारे स्तब्ध झाले. आजीने त्या उचलल्या आणि एक मुलाच्या, एक मुलीच्या हातावर ठेवली.

"यांच्या वाटच्या आहेत. खा."

दुःख संपले नव्हते. ते संपणारही नव्हते. पण आता ते एकटीने सोसायचे राहिले नव्हते. त्या संध्याकाळी आजी आरामखुर्चीसमोर न बसता खुर्चीतच बसली आणि नातीला म्हणाली, "त्या फडताळातलं फुलांचं पुस्तक आण बरं. पिवळी फुलं आणखी कोणती होती, ते बघू या."

शब्दार्थ

सडा – डोंगरमाथ्यावरील सपाट, खडकाळ जागा
दशमी – दुधात पीठ मळून केलेली भाकरी किंवा पोळी
निवणे – थंड होणे
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले खाद्यपदार्थ
फडताळ – भिंतीतील कपाट

पाठगत प्रश्न

१. कासच्या पठारावरील अनेक वनस्पतींना थोड्या आठवड्यांत फुलावे लागते. याचे कारण लिहा.
२. "रडू नकोस," असे म्हणता म्हणता मुलगी का थांबली असावी?
३. कारवीविषयी आजीने काढलेले उद्गार तिच्या स्वतःच्या मनःस्थितीला कसे लागू पडतात, ते स्पष्ट करा.
४. उरलेल्या दशम्यांच्या प्रसंगातून आजीमधील कोणता बदल दिसतो?

उपक्रम

तुमच्या परिसरात शरद ऋतूत फुलणाऱ्या कोणत्याही तीन वनस्पतींचे निरीक्षण करा. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला सोबत घेऊन त्यांची स्थानिक नावे व त्यांविषयीच्या लोककथा विचारा आणि त्यांची नोंद करा.