पैसे माझ्या खात्यावर आले, मीही आरोपी?

प्रश्न : मित्राने एका मुलीला फोटो व्हायरल करण्याची धमकी देऊन पैसे उकळले. ते माझ्या खात्यावर आले. मी फक्त काढून दिले. मी अडकेन का?
– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : धमकीची तुम्हाला कल्पना होती का, हा कळीचा मुद्दा. माहीत असूनही खाते दिले असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३(५) मधील समान उद्देशाच्या तत्त्वाने तुम्हीही खंडणीचे आरोपी ठरू शकता. कलम ३०८(२) नुसार शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे. त्या मुलीने काय सोसले असेल, तेही आठवा. खरेच अंधारात असाल, तर चॅट आणि बँकेच्या नोंदीच तुमचा आधार. त्या पुसू नका, पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे. आधी वकील गाठा. ऐपत नसेल, तर वसमत कोर्टातील तालुका विधी सेवा समितीकडे मोफत मदतीसाठी अर्ज करा.