दाढ दुखायची थांबली तेव्हा

किडलेल्या दाताला चिनी बोलीत ‘छोंग-या’ म्हणतात. छोंग म्हणजे किडा, या म्हणजे दात. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही छंगदूला राहायला गेलो, तेव्हा हा शब्द ऐकून मला आपली ‘दाताला लागलेली कीड’ आठवली. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शांग काळातल्या अस्थिलेखांतही दातातला किडा दाखवणारं चिन्ह आहे. इतक्या जुन्या दुखण्यावर इथलं औषधही मुरलेलं असणार, असं मी धरून चालले.

माझ्या खालच्या दाढेवर खडूसारखा पांढरा डाग पडला होता. दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, “फ्लोराइडचा लेप लावू, मग काही महिन्यांनी पुन्हा बघू.” मी परत गेलेच नाही. घराजवळच्या औषधांच्या दुकानात लाकडी खणांतून काढून, तोलून, कागदात बांधून दिलेली पुडी मला जास्त विश्वासाची वाटली. तिच्यात वूबेइझि होतं, म्हणजे एका झाडाच्या पानावर मावा बसला की तयार होणारी पोकळ गाठ. दुसरं गानत्साओ, म्हणजे ज्येष्ठमध. बाळगुटीसाठी मायफळ आणि ज्येष्ठमध उगाळणाऱ्या घरातली मी. मायफळ ही देखील झाडावरची गाठच, तशीच तुरट. परकं काही वाटलंच नाही.

वूबेइझिच्या काढ्याने मी चुळा भरायचे. ज्येष्ठमधाचा काढा मात्र दिवसातून तीनदा प्यायचे, तोही कुणाला न विचारता. चौथ्या महिन्यापासून गोड खाल्लं की दाढ झिणझिणू लागली, मग ठणकू लागली आणि एक दिवस सगळं थांबलं. मला वाटलं, गुण आला. खरं तर आतली नस मरत होती. दुखणं थांबलं त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं होतं. पुढे एका रात्री अर्धा गाल सुजला. रूट कॅनालच्या आधी रक्तदाब पाहिला तर १६० वर १००, आणि रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे हे होतं, हे मला तेव्हा कळलं. काढा बंद केल्यावर रक्तदाब हळूहळू उतरला. दाढेवर आता टोपी आहे.

त्या औषधांना मी खोटं म्हणणार नाही. वूबेइझिवर छंगदूमधल्याच विद्यापीठात प्रयोग झाले आहेत. त्याच्या अर्कामुळे आम्लात दाताचे क्षार कमी विरघळतात, असं त्यांत दिसलं. पण ते प्रयोग काढलेल्या दातांच्या तुकड्यांवरचे होते. पांढऱ्या डागाच्या टप्प्यावर गेलेले क्षार परत बसू शकतात, आणि त्यासाठी फ्लोराइड हा माणसांवर वर्षानुवर्षं पारखलेला उपाय आहे. एकदा खड्डा पडला की कुठलाच काढा तो भरून काढत नाही. तिथे हात डॉक्टरचाच लागतो.

म्हणून कुणी विचारलं तर सांगते, काढ्याच्या चुळा भरायच्या तर भरा, पण १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट सोडू नका. रात्री दात घासल्यावर फेस थुंका आणि पाण्याने खळखळून चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. रक्तदाब असेल किंवा दिवस गेलेले असतील तर ज्येष्ठमध रोज पोटात घेऊ नका.

आणखी एका पुडीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. दाढ ठणकत होती तेव्हा दुकानदाराने शीशिन नावाची मुळं पुढे केली होती. तोंड बधिर करतात म्हणून दातदुखीवर ती जुनीच आहेत. मी घेतली नाहीत, ती केवळ वासामुळे. त्या वनस्पतीत ॲरिस्टोलोकिक आम्ल असू शकतं, ते मूत्रपिंड निकामी करतं आणि त्याने कर्करोगही होतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये बारीक होण्यासाठी घेतलेल्या गोळ्यांत हेच आम्ल असलेली दुसरी चिनी वनस्पती चुकून मिसळली गेली आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं गेली. तेव्हा कुणी प्रेमाने आणून दिलेली पुडी असली, तरी तिच्यावरचं नाव लिहून घ्या आणि दातांच्या डॉक्टरकडे जाताना ती पुडी सोबत न्या.